विश्लेषण : बेकायदा नोकरी गेली, तर अमेरिकेत बुडालेला पगार व्याजासह कसा मिळतो?

अमेरिकेत युनियनचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने त्याच कारणासाठी काढलं आणि ते बेकायदा ठरलं, तर त्याला नोकरी परत मिळू शकते. मधल्या काळात बुडालेला पगारही मिळतो. यालाच 'बॅक पे' म्हणतात. पण निकालाला अनेकदा वर्षं लागतात आणि तोवर घरभाडं, हप्ते थांबत नाहीत. म्हणून व्याजाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बॅक पे म्हणजे दंड आहे का?

नाही, ती भरपाई आहे. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने हे आदेश देण्याचा अधिकार राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाला, म्हणजे एनएलआरबीला दिला. १९४१ मध्ये फेल्प्स डॉज खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, कर्मचाऱ्याने मधल्या काळात दुसरीकडे कमावलेले पैसे यातून वजा होतील. काम शोधायचा रास्त प्रयत्नच केला नसेल, तर तेवढी कमाईही वजा होते.

हिशोब कसा होतो?

१९५० पासून दर तीन महिन्यांचा हिशोब वेगळा धरला जातो. समजा, पगार आठवड्याला १,००० डॉलर, म्हणजे तिमाहीला १३,००० होता. पहिल्या तिमाहीत काहीच काम मिळालं नाही, दुसऱ्या तिमाहीत नव्या नोकरीत १५,००० मिळाले. दोन्ही तिमाह्या एकत्र धरल्या तर मालकाला ११,००० च द्यावे लागतील. वेगळ्या धरल्याने पहिल्या तिमाहीचे पूर्ण १३,००० द्यावे लागतात. कर्मचाऱ्याला चांगली नोकरी लागली की जुनी देणी आपोआप घटतील, या आशेवर मालकाला वेळ काढता येत नाही.

व्याज किती?

१९६२ मध्ये मंडळाने वर्षाला ६ टक्के सरळव्याज सुरू केलं. १९७७ मध्ये दर बाजाराशी जोडला गेला. १९८७ पासून केंद्र सरकारच्या अल्पमुदतीच्या दरात ३ टक्के मिळवून तो ठरतो. थकीत प्राप्तिकरावर नागरिकांना हाच दर लागतो. २०१० मध्ये मंडळाने रोजच्या रोज चक्रवाढ लागू केली.

फरक किती पडतो? १०,००० डॉलरवर ७ टक्क्यांनी पाच वर्षांचं सरळव्याज ३,५०० डॉलर होतं. रोजच्या चक्रवाढीने ते सुमारे ४,१९० होतं. व्याज नसेल, तर निकाल लांबेल तितका मालकाचाच फायदा.

ओव्हरटाइम बुडवला तर?

तिथे १९३८ चा रास्त श्रम मानक कायदा लागतो. बुडालेल्या रकमेइतकीच आणखी रक्कम, म्हणजे एकूण दुप्पट मिळू शकते. आपण प्रामाणिकपणे आणि रास्त समजुतीने वागलो, हे मालकाने सिद्ध केलं तर कोर्ट जादा रक्कम कमी करू शकतं. मात्र दुप्पट मिळाल्यावर वर व्याज मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्ये ठरवलं.

कुणाला मिळत नाही?

कायदेशीर कागदपत्रांशिवाय काम करणाऱ्यांना. २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिक खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, अशा कामगाराला बेकायदा काढलं तरी मंडळ त्याला बॅक पे देऊ शकत नाही. प्रत्यक्ष केलेल्या कामाची मजुरी मात्र त्यालाही मागता येते.

एच-१बी वर असलेल्यांचं काय?

पुण्या-मुंबईतून आयटीच्या नोकरीसाठी गेलेल्यांना 'बेंच' हा शब्द चांगलाच माहीत असतो. कंपनीकडे प्रोजेक्ट नाही म्हणून एच-१बी कर्मचाऱ्याला बिनपगारी बसवता येत नाही. कंपनीने सरकारला लिहून दिलेला पगार द्यावाच लागतो. तो बुडवला, तर अमेरिकेच्या कामगार खात्याकडे तक्रार करता येते आणि थकीत पगारावर चक्रवाढ व्याजही मिळू शकतं. कर्मचाऱ्याने स्वतःहून रजा घेतली असेल, तर हा नियम लागत नाही.

मुदत किती?

एनएलआरबीकडे तक्रारीसाठी ६ महिने, एच-१बी पगारासाठी १२ महिने. ओव्हरटाइमच्या दाव्याला २ वर्षं, मालकाने जाणूनबुजून बुडवला असेल तर ३ वर्षं. पगाराच्या स्लिपा, कामाच्या तासांची नोंद आणि नोकरी शोधताना केलेल्या अर्जांच्या प्रती जपून ठेवलेल्या बऱ्या. बॅक पेचा हिशोब शेवटी याच कागदांवर होतो.