म्तू, कितू आणि उतू : स्वाहिली व्याकरणाची कथा

व्याकरण हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात शाळेतील रूपावली जाग्या होतात. व्याकरण म्हणजे नियमांचे रूक्ष जंजाळ, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु व्याकरण हा त्या भाषेतून जगणाऱ्या समाजाने केलेला सृष्टीचा लेखाजोखाही असतो. कशाला माणूस म्हणावे, कशाला वस्तू म्हणावे आणि कोणाला कोणाच्या पंगतीला बसवावे, ह्याचे निर्णय शब्दांच्या घडणीत साठवलेले असतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाढलेली स्वाहिली भाषा ह्याचा उत्तम दाखला होय. तिच्या व्याकरणाचा इतिहास ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या इतिहासाशी निगडित आहे आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम भाषेचा स्वभाव पाहू. मराठीत नामाला लिंग असते आणि त्या लिंगाची छाया विशेषणावर व क्रियापदावर पडते. 'मोठा दगड पडला', 'मोठी फांदी पडली', 'मोठे पान पडले' ही वाक्ये त्याची साक्ष देतात. स्वाहिलीत स्त्रीलिंग, पुल्लिंग असा भेदच नाही. 'अनासोमा' ह्या एकाच शब्दाचा अर्थ 'तो वाचतो' असा होतो आणि 'ती वाचते' असाही होतो. मात्र तेथे नामांचे अनेक वर्ग आहेत आणि वर्गाची खूण शब्दाच्या अंती नसून आरंभी असते. 'किताबु' म्हणजे पुस्तक, 'विताबु' म्हणजे पुस्तके. 'किताबु किकुब्वा किमोजा किमेआंगुका' म्हणजे 'एक मोठे पुस्तक पडले आहे'. तेच अनेकवचनी केले की 'विताबु विकुब्वा विविली विमेआंगुका', म्हणजे 'दोन मोठी पुस्तके पडली आहेत', असे होते. नामाने सूर लावावा आणि विशेषण, संख्या व क्रियापद ह्यांनी तोच सूर धरावा, असा हा प्रकार आहे.

क्रियापदाची रचनाही पाहण्यासारखी आहे. 'नितकिसोमा' ह्या एका शब्दात संपूर्ण वाक्य सामावते. 'नि' म्हणजे मी, 'त' ही भविष्यकाळाची खूण, 'कि' म्हणजे ते, अर्थात पुस्तक, आणि 'सोमा' म्हणजे वाचणे. कर्ता, काळ आणि कर्म अशा क्रमाने धातूपुढे उभे राहतात. ह्यातील 'कि' ऐकताच श्रोत्याला कळते, की गोष्ट 'कि' वर्गातील वस्तूची चालली आहे.

लॅटिनच्या साच्यात तयार झालेल्या युरोपीय धर्मगुरूंना हे नवल वाटणे स्वाभाविक होते. लॅटिनमध्ये विभक्ती शब्दाच्या शेवटी बदलते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी कोकणीचे व्याकरण रचले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, हे आपणास ठाऊक आहेच. कोकणीत तीन लिंगे व शेवटी बदलणारी रूपे असल्यामुळे लॅटिनची चौकट तेथे बऱ्याच अंशी उपयोगी पडली. परंतु आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वाहिलीच्या भगिनीभाषेचा, काँगो भाषेचा, अभ्यास करणारे कापुचिन धर्मगुरू जासिंतो ब्रुशोत्तो ह्यांना तीच चौकट मोडावी लागली. त्यांचे लॅटिन भाषेतील व्याकरण १६५९ साली रोम येथे प्रसिद्ध झाले. शब्दाच्या आरंभावरून नामांचे वर्ग पाडले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. परक्या भाषेला आपल्या साच्यात न कोंबता तिचा साचा तिलाच विचारावा, हा विनय त्या ग्रंथात आहे.

स्वाहिलीच्या वाट्याला हे भाग्य बरेच उशिरा आले. तिच्यात अरबी लिपीतील समृद्ध काव्यपरंपरा होती; परंतु तिचे पहिले छापील व्याकरण लिहिले योहान लुडविग क्राफ ह्या जर्मन मिशनऱ्याने. १८४४ साली ते मोंबासाला आले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी व नवजात कन्या तेथे मृत्यू पावल्या. त्या दुःखातही त्यांनी भाषेचे काम सोडले नाही. १८५० साली त्यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्यांचा मोठा शब्दकोश त्यांच्या निधनानंतर, १८८२ साली, प्रकाशात आला. झांझिबारमध्ये अँग्लिकन मिशनचे एडवर्ड स्टीयर ह्यांनी १८७० साली आपली स्वाहिली मार्गदर्शिका छापली. कॅथलिक बाजूने पवित्र आत्म्याच्या संघाचे फादर शार्ल साक्लो ह्यांनी १९०९ साली स्वाहिलीचे व्याकरण आणि १९३९ साली स्वाहिली-फ्रेंच कोश सिद्ध केला. दरम्यान विल्हेल्म ब्लीक ह्या पंडिताने ह्या सर्व भगिनीभाषांची तुलना करून त्या कुळाला 'बांटू' हे नाव दिले. 'बांटू' म्हणजे माणसे. त्यातील 'न्टू' हा धातू आणि स्वाहिलीतील 'तू' हा एकच.

ह्या 'तू' धातूपाशी थोडे थांबले पाहिजे. 'म्तू' म्हणजे माणूस, 'वातू' म्हणजे माणसे. त्याच धातूला 'कि' लावले की 'कितू', म्हणजे वस्तू. 'उ' लावले की 'उतू', म्हणजे माणुसकी. एका अक्षराने माणूस वस्तू होतो आणि एका अक्षराने त्याची माणुसकी प्रकट होते. ज्या झांझिबारमध्ये स्टीयर ही भाषा शिकत होते, तेथे १८७३ सालापर्यंत गुलामांचा बाजार उघडपणे भरत असे. माणसाची वस्तू करण्याचा व्यवहार तेथे रोजचा होता. भाषेने मात्र तो मान्य केला नव्हता. गुलामाला स्वाहिलीत 'म्तुम्वा' म्हणतात आणि हा शब्द माणसांच्याच वर्गात मोडतो. तो 'तुमा', म्हणजे पाठविणे, ह्या धातूपासून आला आहे. त्याच धातूपासून 'म्तुमे' हा शब्द झाला. त्याचा अर्थ प्रेषित! धन्याने कामाला पाठविलेला गुलाम आणि देवाने पाठविलेला प्रेषित एकाच मुळाची फळे आहेत. बाजारात ज्याची किंमत ठरत होती, त्याच्याविषयी बोलताना विक्रेत्यालाही माणसाचेच रूप वापरावे लागे.

आपल्या नाशिकचा संबंध येथेच येतो. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या काही आफ्रिकी मुलांना नाशिकजवळील शरणपूर येथील अँग्लिकन मिशनने आश्रय व शिक्षण दिले. त्यांपैकी काही जण १८६४ साली मोंबासाजवळील राबाई येथे क्राफ ह्यांचे सहकारी रेबमान ह्यांच्या मदतीला गेले. १८७३ साली लिव्हिंगस्टनचे निधन झाल्यावर त्यांचा देह ज्यांनी मोठ्या कष्टाने किनाऱ्यावर आणला, त्यांतही नाशिकला शिकलेले तरुण होते. ते बागामोयोला पोहोचले, तेव्हा तेथील कॅथलिक मिशनने तो देह काही काळ सांभाळला.

व्याकरणाचा आणखी एक नियम आम्हांला मननीय वाटतो. आंधळ्याला 'किपोफू', बहिऱ्याला 'किझिवी' आणि पांगळ्याला 'किवेते' म्हणतात. रूपाने हे तिन्ही शब्द वस्तूंच्या 'कि' वर्गातले आहेत. जगाने दिव्यांगांना कोणत्या रांगेत बसविले, ह्याची ती कदाचित खूण असेल. परंतु वाक्यात येताच नियम बदलतो. सजीवांविषयी बोलताना शब्दाचे रूप काहीही असो, विशेषण व क्रियापद माणसांच्या वर्गाचेच लागते. 'एक पुस्तक' ह्याला 'किताबु किमोजा', पण 'एक आंधळा आला आहे' ह्याला 'किपोफू म्मोजा अमेकुजा'. शब्दाने जे हिरावले, ते वाक्याने परत दिले. सुटा शब्द माणसाला वस्तूंच्या ढिगात टाकतो. संबंधांनी बांधलेले वाक्य त्याला माणसांत आणून बसविते.

बायबलच्या भाषांतरकारांनी ह्या नियमाचा अर्थपूर्ण उपयोग केला. 'नेनो' म्हणजे शब्द. व्याकरणानुसार त्याच्या क्रियापदाला 'लि' लागते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ज्या शब्दाचे वर्णन आहे, तो केवळ उच्चार नसून व्यक्ती आहे. म्हणून १९५२ सालच्या संयुक्त आवृत्तीत तेथे व्यक्तीला लागणारे 'अ' हे चिन्ह योजिले आहे. 'रोहो' म्हणजे आत्मा, हा अरबीतून आलेला शब्दही व्यक्तिवर्गातील नव्हे. पण पवित्र आत्म्याला 'रोहो म्ताकातिफू' म्हणताना विशेषणाला माणसांच्या वर्गाचा 'म' लागतो. धर्मसभेच्या परिषदांनी दीर्घ वादांनंतर जे सूत्रबद्ध केले, ते येथे एका अक्षरात सांगता आले.

स्वाहिलीचे आतिथ्यही मोठे. 'किताबु' हा मूळचा अरबी 'किताब'. परंतु त्यातील पहिले अक्षर आपल्याच घरचे समजून तिने त्याचे 'विताबु' असे अनेकवचन केले. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी' आणि चपातीला 'चपाती' म्हणताना तिला परकेपणा वाटला नाही. परक्या शब्दाला दारात उभे न ठेवता तिने कुठल्या तरी वर्गात जागा दिली आणि आपल्या वाक्यात सामावून घेतले.

१९२८ साली मोंबासा येथील परिषदेने झांझिबारची बोली प्रमाण मानली आणि विविध वंशांची माणसे एका भाषेत बोलू लागली. स्वतः कॅथलिक असलेले टांझानियाचे राष्ट्रपती ज्युलियस न्येरेरे ह्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली आणि आपल्या राष्ट्रीय धोरणाला 'उजमा' हे नाव दिले. अरबी 'जमात'शी नाते सांगणाऱ्या शब्दाला बांटू 'उ' लावून झालेला हा शब्द कुटुंबभाव सांगतो. ते धोरण कितपत यशस्वी झाले, ह्याविषयी मतभेद आहेत आणि सक्तीच्या स्थलांतराची दुःखेही त्यात आहेत. माणुसकीचा शब्द धोरणाला देणे सोपे; ती माणुसकी अंमलात उतरविणे अवघड.

व्याकरणाने कोणी साधू होत नाही. ज्या भाषेत गुलाम 'म्तू'च राहिला, त्याच भाषेत त्याची विक्रीही झाली. नियम जिभेवर होता, हृदयात नव्हता. आपल्या मराठीतही माणसाला 'ते', 'हे', 'असले' म्हणून वस्तूंच्या रांगेत ढकलण्याच्या तऱ्हा कमी नाहीत. घरी काम करणारी बाई, दारचा भिकारी, इस्पितळातील खाटेचा क्रमांक, ह्यांच्याविषयी बोलताना आपण कोणते चिन्ह लावतो? 'म्तू' आणि 'कितू' ह्यांत अंतर एका अक्षराचे आहे. ते अक्षर निवडण्याचा अधिकार बोलणाऱ्याला आहे, आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागणार आहे.