चेंडूसाठी काम

जुलैत लोणावळ्याचा पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उघडत नाही. यंदा त्यात भर म्हणून तीन महिन्यांचं पिल्लू घरात! चपला, चटईची किनार, माझ्या पायजम्याची नाडी... सगळं त्याच्या दातांत. आई म्हणाली, "अरे, एक फटका दे, आपोआप शहाणं होईल." मोतीला आपण असंच वाढवलं होतं, हे दोघांनाही आठवलं आणि दोघंही गप्प झालो.

मारून शिकवायची ही रीत काही आपल्याच घरची नव्हे. जर्मन पोलिसांतल्या कोनराड मोस्टने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात पट्ट्याला हिसका आणि सक्ती यांवर मोठी भिस्त होती. पुढची अनेक वर्षं पोलिसांत आणि सैन्यात हीच पद्धत चालली.

पण वास काढायला सक्ती कशी करणार? कुत्र्याच्या नाकाला हिसका देता येत नाही. म्हणून तिथे खेळ आला. चेंडूबरोबर विशिष्ट वासाची सांगड घालायची, मग तो वास लपवायचा. सापडला की पंजा न लावता नुसतं बसायचं, की लगेच चेंडू आणि हँडलरबरोबर खेचाखेची. कुत्र्याच्या लेखी ते स्फोटक नसतंच, चेंडू मिळवण्याची खूण असते.

अशा कामातलं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे 'जंजीर'. पुण्याच्या शिवाजीनगरला सीआयडीच्या केंद्रात शिकलेला हा लॅब्रेडॉर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला, मुंबईत स्फोटांची मालिका झाली. २५७ माणसं गेली. त्यानंतर जंजीरच्या नाकामुळे ३,३२९ किलो आरडीएक्स आणि २४९ हातबॉम्ब सापडल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलीस इतमामात त्याला निरोप दिला गेला.

२०१७ मध्ये १६ लॅब्रेडॉरवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धड्यानंतर जे खेळले, त्यांना तोच धडा दुसऱ्या दिवशी कमी प्रयत्नांत जमला. नुसते विसावलेले मागे पडले.

असो. आम्ही जुन्या टॉवेलची गाठ मारली. पिल्लाने ती धरली की मी हात स्थिर ठेवतो, "सोड" म्हणतो. सोडलं की लगेच पुन्हा खेचाखेची. म्हणजे सोडण्याचं बक्षीस खेळच. आठवड्यात जमलं. नाडीही आता निम्म्या वेळा वाचते!

मोती मात्र जिन्याखाली साखळीलाच राहिला. ताई, तू हे वाचशीलच. आपण त्याला एकही चेंडू कधी आणला नाही ना गं?