पाघळणारे चीज व त्याची नावे

दुधाचे गोळे झाले, की मराठी गृहिणी ‘दूध नासले’ म्हणते. नासणे म्हणजे बिघडणे. चक्का बांधून श्रीखंड करण्यात नाशिककर निष्णात. परंतु आचेवर पाघळणाऱ्या चीजला मराठीत स्वतःचा शब्द लाभला नाही. ‘पनीर’ फारसीतून आले व ‘चीज’ इंग्रजीतून. कष्टाचे होते ते ‘चीज’ निराळे. तो शब्दही फारसीच. मुंबईच्या पारशी घरांतील टोपली पनीराला ज्या टोपलीत ते निथळते तिचेच नाव मिळाले.

आपले पनीर तव्यावर तांबूस होते, पण पाघळत नाही. कारण ते तापलेल्या दुधात लिंबाचा रस वा दुसरे आम्ल घालून केलेले असते. रेनेट या विरजणद्रव्याने साकळलेल्या चीजमध्ये प्रथिनांची जाळी चुन्याच्या अंशाने सांधलेली असते. ती उष्णतेने सैल होऊन वाहू लागते.

अशा चीजांना तीन प्रकारे नावे पडली. पहिला प्रकार गावांचा. चेडर हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील खेडे, तर गौडा हे हॉलंडमधील बाजारपेठेचे शहर. दुसरा कृतीचा. उन्हाळी पाण्यात ताणलेला लगदा तोडून गोळे करतात, म्हणून इटालियन ‘मोत्सारे’, म्हणजे तोडणे, यावरून मोझरेला. आणि वितळलेला थर खरवडून वाढतात, म्हणून फ्रेंच धातूवरून स्वित्झर्लंडचे राक्लेत. तिसरा प्रक्रियेचा. १९११ साली थून येथे वाल्टर गेर्बर व फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटाल चीज सायट्रेट क्षारासह वितळवून टिकाऊ केले. ‘प्रोसेस्ड’ चीजची वाट तेथून निघाली.

यांत गावांच्या नावांची गत विचार करण्याजोगी आहे. चेडर आज अनेक देशांत तयार होते व कोठेही ते नाव चालते. त्या खेड्याचा त्यावर हक्क उरला नाही. पुढे १९९६ मध्ये ‘वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर’ एवढ्याच लांबलचक नावाला युरोपीय संरक्षण मिळाले. इटलीच्या कांपानिया प्रांतातील म्हशीच्या दुधाच्या मोझरेलालाही त्याच वर्षी ते लाभले.

भारतात १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याने ही सोय झाली, आणि ‘नाशिकची द्राक्षे’ त्याखाली नोंदली गेली. नाव जगभर पसरून सामान्य होण्यापूर्वीच त्याची नोंद करणे श्रेयस्कर. चेडर गावाला ती संधी मिळाली नाही, नाशिकला मिळाली.