मासेमारी नौकांद्वारे सागरनिरीक्षण
व्यावसायिक मासेमारीच्या जाळ्यांना वा सापळ्यांना संवेदक बांधून समुद्राचे तापमान व खोली नोंदवण्याची पद्धती. आर्गो या सागरनिरीक्षण प्रकल्पाचे बहुतेक तरंगक (तरंगती मापनयंत्रे) २,००० मी. खोलीपर्यंत मोजमाप करतात. मात्र किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रबूड जमिनीवर ते सहसा पोहोचत नाहीत. ही उणीव तेथे नित्य वावरणाऱ्या नौका भरून काढू शकतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर २००१ मध्ये सुरू झालेल्या ईमोल्ट उपक्रमात शेवंडीच्या सापळ्यांना तापमापक जोडून तळाच्या पाण्याच्या दीर्घकालीन नोंदी मिळवल्या गेल्या. न्यूझीलंडच्या मोआना प्रकल्पातील संवेदक जाळ्याबरोबर बुडतो, तापमान व दाब टिपतो आणि पाण्याबाहेर येताच नोंदी नौकेवरील यंत्राकडे आपोआप पाठवतो.

नौका मासळी मिळेल तेथेच जातात, म्हणून नोंदी एकांगी ठरतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु उपग्रह व तरंगकांच्या मोजमापांशी त्या जोडल्या, की समुद्राच्या संगणकीय प्रतिमानातील रिकाम्या जागाच भरतात. संवेदकांच्या अचूकतेची शंका वेळोवेळी अंशशोधन करून दूर करता येते. मासेमारीची ठिकाणे उघड होण्याची भीती मात्र तंत्राने पुरती मिटत नाही. त्यासाठी गोपनीयतेचा स्पष्ट करार लागतो. ही पद्धती संशोधन जहाजांना पर्याय नसून पूरक आहे.