राउटरचे पान उघडत नाही तेव्हा…

घरात इंटरनेटची जोडणी आली की तिच्यासोबत एक लहानशी पेटीही येते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तिचे दिवे लुकलुकत असतात आणि सारे सुरळीत चालले असेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या पेटीला, म्हणजे राउटरला, स्वतःचे एक पान असते. वाय-फायचा परवलीचा शब्द बदलायचा असो वा कोणाकोणाचे मोबाईल आपल्या जोडणीवर आहेत हे पाहायचे असो, त्या पानावरच जावे लागते. नेमक्या गरजेच्या वेळी मात्र ते उघडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो.

सिंदफणा नदीवरील धरणामुळे परिचित असलेल्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या एखाद्या घराचे उदाहरण घेता येईल. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, आई-वडील माजलगावात आणि धाकट्या बहिणीचा अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याची मुदत जवळ आलेली. अशा वेळी वाय-फाय बिघडले तर पहिला फोन पुण्याला जातो. तिकडून ‘मागचे बारीक बटण दाबून बघा’ असा सल्ला मिळतो आणि किरकोळ बिघाडापायी तंत्रज्ञ येईपर्यंत खोळंबा होतो. वास्तविक हा सल्ला सर्वांत शेवटी द्यायचा असतो. त्याआधी काय तपासावे, याची ही क्रमवार माहिती.

पान घरातच असते

राउटरचे पान इंटरनेटवर नसते, ते राउटरच्या आतच साठवलेले असते. त्यामुळे बाहेरची जोडणी बंद असतानाही ते उघडू शकते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजात ही तरतूद आहे. एकच पत्ता लाखो घरांत वापरला जातो, तो यामुळेच. पुण्यातल्या मुलाने आपल्या संगणकावर १९२.१६८.१.१ टंकित केले, तर फार तर त्याच्याच खोलीतल्या राउटरचे पान उघडेल, माजलगावचे नव्हे. तपासणी घरच्या मंडळींनाच करावी लागते. मुलाने दुसऱ्या फोनवरून त्यांना सूचना द्याव्यात.

आधी जोडणी तपासावी

मोबाईलवरून पान उघडायचे असल्यास त्याची मोबाईल डेटा सेवा तात्पुरती बंद करावी. वाय-फायवर इंटरनेट येत नाही असे दिसताच अनेक फोन आपोआप मोबाईलच्या जाळ्याकडे वळतात आणि राउटरचा पत्ता तेथे सापडत नाही. फोन पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक राउटर त्याला हे पान दाखवत नाहीत. व्हीपीएन सुरू असल्यास तेही बंद करावे. संगणक असेल तर तो केबलने थेट राउटरला जोडणे सर्वांत खात्रीचे.

पत्ता अंदाजाने टाकू नये

सगळ्या राउटरचा पत्ता एकच नसतो. अनेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओ फायबरच्या राउटरचा सहसा १९२.१६८.२९.१ असतो. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर तो बहुधा छापलेला असतो. आई-वडिलांना या पट्टीचे छायाचित्र काढून पाठवायला सांगितले तर निम्मे काम होते.

पट्टी पुसट झाली असल्यास विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांसमोर दिसणारा आकडा हाच राउटरचा पत्ता. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या तपशिलात तो ‘गेटवे’ या नावाने, तर आयफोनमध्ये ‘राउटर’ या नावाने दिसतो.

त्याच तपशिलात संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. वीज जाऊन परत आल्यावर राउटर पूर्ण सुरू होण्याआधी संगणक जोडला गेला, तर असे घडू शकते. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग संगणक पुन्हा जोडावा. कार्यालयातून आणलेल्या लॅपटॉपमध्ये कधी कधी कायमचा ठरावीक पत्ता भरून ठेवलेला असतो. तो बदलून ‘पत्ता आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडावा.

घरात दोन पेट्या असतील, म्हणजे कंपनीची फायबर पेटी आणि बाजारातून आणलेला राउटर, तर दोघांची पाने वेगळी असतात. दोघांचा पत्ता एकच असेल तर गोंधळ होतो. अशा वेळी ज्या पेटीचे पान हवे, तिलाच केबल जोडून दुसरी तात्पुरती सोडवून ठेवावी.

ब्राउझरमधील चुका

पत्ता शोधपेटीत न लिहिता ब्राउझरच्या वरच्या पत्तापट्टीत लिहावा आणि तोही इंग्रजी अंकांत. कळफलक मराठीवर असेल तर देवनागरी अंक उमटतात आणि पान उघडत नाही. एकच्या जागी इंग्रजी ‘एल’ व शून्याच्या जागी ‘ओ’ टाकण्याची चूकही नेहमीची. पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असल्यास शेवटचा ‘एस’ काढून पाहावा, नाही तर दुसरा ब्राउझर वापरावा.

‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. घरातल्या पेटीजवळ बाहेरच्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र सहसा नसते, म्हणून तो इशारा येतो. मात्र पत्ता आपल्याच गेटवेचा असल्याची खात्री करूनच पुढे जावे.

पान शोधताना महाजालावर सापडलेल्या ‘राउटर मदत केंद्रा’च्या क्रमांकांपासून सावध राहावे. मदतीच्या बहाण्याने संगणकाचा ताबा मागणाऱ्यास नकार द्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

परवलीचा शब्द कोणता?

वाय-फायचा परवलीचा शब्द आणि राउटरच्या पानाचा परवलीचा शब्द या सहसा वेगवेगळ्या गोष्टी असतात. दुसरा बहुधा तळाच्या पट्टीवर असतो. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने तो बदलला असेल तर त्यालाच विचारावे. अनेकदा चुकीचा शब्द दिल्यास काही राउटर काही मिनिटे दार बंद ठेवतात. तेवढा वेळ थांबावे. काही राउटरना असे पानच नसते. गुगलच्या वाय-फाय राउटरची मांडणी केवळ मोबाईल अॅपमधून होते.

बारीक बटण अखेरीस

टाचणीने दाबायचे मागचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरल्यास राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीत जातो. जुना परवलीचा शब्द पुसला जातो हे खरे, पण सेवा देणाऱ्या कंपनीने भरलेले वापरकर्त्याचे नाव व इतर नोंदीही पुसल्या जाऊ शकतात. मग पान उघडते आणि इंटरनेट मात्र बंद होते. त्या नोंदी हाताशी असतील किंवा कंपनीकडून मिळण्याची खात्री असेल, तरच हे बटण दाबावे. पसंतीक्रमाची मुदत तोंडावर असताना तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अर्ज भरावा आणि बटणाचा विचार नंतर करावा.

पान उघडल्यावर

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर जुलै २०१७ मध्ये मिळाले. त्या वेळी भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या हजारो मोडेमवर घातक आज्ञावलीचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द ज्यांनी बदलला नव्हता, असे मोडेम त्यात सापडले. परवलीचे शब्द बदला, असे आवाहन निगमला ग्राहकांना करावे लागले. म्हणजे मालक ज्या दारातून कधी गेला नाही, त्याच दारातून परका आत शिरला.

म्हणून पान एकदा उघडले की तीन कामे उरकून घ्यावीत. पानाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. बाहेरून राउटर हाताळण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय सुरू असल्यास आणि ती कंपनीला लागत नसल्यास बंद करावी. राउटरच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती आली असल्यास भरून घ्यावी. अखेरीस पत्ता, वापरकर्त्याचे नाव, नवा परवलीचा शब्द आणि कंपनीचा तक्रार क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवावा. ही वही विजेच्या बिलांसोबत ठेवली, तर पुढच्या वेळी माजलगावच्या घराला पुण्याच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.