आधी कंगवा, मग नाव

बदलीच्या नोकरीतल्या माणसाला आपण ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतो. भूजलाच्या नोकरीत वाई सुटली, नागपूर झालं, शेवटी फरीदाबादला येऊन पडलो, तेव्हा ही म्हण मी पुष्कळदा ऐकून घेतली. तिच्याकडे नीट पाहिलं मात्र फार उशिरा. बिऱ्हाड असतं ते विंचविणीच्या पाठीवर, नराच्या नव्हे. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. ती पांढुरकी, मऊ पिल्लं तिच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच दाटीवाटीने बसून राहतात. नर-मादी ओळखण्याची एक खूण आपल्या भाषेत आधीपासूनच होती तर! अडचण एवढीच, की वर्षातले बहुतेक दिवस ही पाठ रिकामी असते. ही टिपणवही त्या दिवसांसाठी आहे.

वहीतला विंचू कोणता, ते आधी सांगितलं पाहिजे. कोकणात माणसं मारणारा तो लाल विंचू हा नव्हे. लाल विंचवाचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असते. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. त्यांचं लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आपला विंचू काळा किंवा हिरवट काळा, धिप्पाड, खेकड्यासारख्या जाड चिमट्यांचा. खेड्यात याला बघून ‘इंगळी’ म्हणून ओरडतात आणि चप्पल शोधतात. दंश दुखतो, सूज येते. पण दरारा आहे तेवढं विष त्याच्याजवळ नाही. चिमट्यांनीच भागत असेल तर नांगी कशाला खर्चायची, असा त्याचा हिशेब दिसतो. तरीही हाताळू नका, आणि कुणालाही विंचू चावला तर जात ओळखत न बसता दवाखाना गाठा.

शास्त्रात हे आशियाई जंगली विंचू. दीडशेहून अधिक वर्षं ते ‘हेटेरोमेट्रस’ या एकाच मोठ्या वंशात वावरत होते. मध्ये बराच काळ ‘पॅलॅम्नीअस’ हे नावही चाललं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची मंडळी नमुने लंडनला धाडत आणि तिथे रेजिनाल्ड पोकॉक त्यांना नावं देत. सोसायटीचे सचिव फिप्सन यांच्या नावाचा ‘फिप्सोनाय’ हा १८९३चा. ‘झँथोपस’ म्हणजे पिवळ्या पायांचा, ‘लॅटिमॅनस’ म्हणजे रुंद हाताचा. पोकॉकचं ‘फॉना’ मालिकेतलं पुस्तक १९००चं. त्यानंतर भारतीय विंचवांवर तसाच भरभक्कम ग्रंथ यायला १९८३ उजाडलं. तो टिकादर आणि आपले बस्तवडे यांचा. माझी प्रत पाठीच्या शिवणीत फाटली आहे, यापेक्षा त्या ग्रंथाची वेगळी स्तुती मी करणार नाही.

मग २०२० साली प्रेंडिनी आणि लोरिया यांनी सगळं घर पुन्हा लावलं. जुन्या हेटेरोमेट्रसचे अनेक वंश झाले आणि त्यांतल्या दोन नव्या नावांनी मराठी माणसाला उगाच बरं वाटावं : डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रिमेट्रस. फिप्सोनाय आणि झँथोपस आता डेक्कनोमेट्रसमध्ये आहेत. वीस सेंटिमीटरच्याही पुढे जाणारा अजस्र ‘स्वामरदामी’ जायगँटोमेट्रसमध्ये गेला. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या यादीत दुसरं सापडलं, तर गोंधळू नका. विंचू तोच आहे.

आता या वहीचा हट्ट. नवशिक्या विंचू दिसताच जात विचारतो. मी म्हणतो, आधी वय आणि लिंग ठरवा. काही जातींत वयात आलेल्या नराचा चिमटा लांब आणि सडपातळ होतो, मादीचा आखूड, फुगीर राहतो. काही जातींत दोघांचेही सारखेच रुंद असतात. त्यामुळे ‘चिमट्याची लांबी रुंदीच्या किती पट’ हे माप कोणाचं घेतलं ते ठाऊक नसेल, तर पुस्तकातली पुढची पायरी चुकीच्या दारात नेऊन सोडते. पिल्लाचं माप तर धरूच नये. रंगाचंही तेच. कात टाकल्यावरचा रंग वेगळा, म्हातारपणीचा वेगळा, आणि वर्षानुवर्षं अल्कोहोलमध्ये बुडालेल्या नमुन्याचा तर विचारूच नका.

लिंग बघायला विंचू उलटा करावा लागत नाही. मी मिठाईचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा वापरतो. लांब चिमट्याने विंचू आत सोडायचा, वरून स्पंजचा जाड तुकडा अलगद टेकवायचा, की तो तळाशी सपाट बसतो. मग डबा डोक्याच्या वर धरून खालून भिंगाने बघायचं. पायांची शेवटची जोडी संपते तिथे, पोटाच्या सुरुवातीला, दोन बाजूंना दोन कंगवे दिसतात. हे विंचवाचं जमिनीचा वास आणि पोत चाचपण्याचं इंद्रिय. मादीचा माग काढणं नराच्या वाट्याला येतं, म्हणून त्याचा कंगवा मोठा, दाते लांब आणि एकमेकांना भिडलेले. मादीचे दाते आखूड असतात. नुसते दाते मोजून मात्र निकाल देऊ नका. या विंचवांत नर-मादीचे आकडे एकमेकांत मिसळतात. कंगव्यांच्या लगेच पुढे मधोमध जननछिद्रावरचं छोटं झाकण असतं. मादीत त्याचे दोन्ही भाग जुळून एकच त्रिकोणी किंवा बदामासारखी चकती झालेली; नरात ते लंबगोल, मधली फट उघडणारी. कंगवा आणि झाकण दोन्ही एकच सांगत असतील, तरच वहीत ‘नर’ किंवा ‘मादी’ लिहायचं.

त्यानंतर जात. पाठीची ढाल गुळगुळीत की दाणेदार, चिमट्याच्या फुगीर भागावर दाणे कसे, पायाच्या शेवटच्या पेऱ्यावर काटे किती, विषाची कुपी काळी की लालसर. यांतलं एकेक लक्षण दगा देतं. चारपाच जमली की बोलतात. आणि ठिकाण लिहायला विसरू नका. बीळही लिहा : तोंड आडव्या चंद्रकोरीसारखं, पुढे उकरलेल्या मातीचा ढीग. रात्री अतिनील टॉर्चखाली विंचू निळा-हिरवा चमकतो; नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, म्हणून ‘इथे नाहीत’ असा शेरा एका फेरीत मारू नये. बिळाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, पाळायला विंचू विकणारे तिथूनच वाचतात.

हा विंचू इथे दिसत नाही म्हणून फरीदाबादकरांनी नाराज होऊ नये. मांगरच्या धवाच्या बनाकडे किंवा सूरजकुंडच्या बाजूला गारगोटी खडकांत टॉर्च घेऊन हिंडताना मला भेटले ते बारीक चिमट्यांचे, गवती रंगाचे विंचू. जाड चिमट्यांचा एकही नाही. पण कंगवा त्यांनाही असतो, आणि डबा-स्पंजाचा सराव त्यांच्यावर करता येतो, फक्त हात दुप्पट लांब ठेवून. ज्यांना तेही नको, त्यांनी कात शोधावी. टाकलेल्या कातीवरही कंगवा जसाच्या तसा असतो, आणि कात चावत नाही.

माझ्या फळीवर अशी एक कात आहे, वाईच्या घरामागच्या बांधावर मिळालेली. चिठ्ठीवर लिहिलंय : वंश डेक्कनोमेट्रस, मादी, वयात न आलेली. जातीच्या रकान्यात सहा वर्षं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे.