गुरू कोण, शिष्य कोण?

भोरहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जात असताना सोबतच्या तरुणाने मला विचारले, “फादर, एका गुरूने दुसऱ्याकडून काय घेतले हे ठरवायचे कसे?” त्याच्या हाती पाश्चात्त्य गूढविद्येवरचे पुस्तक होते. त्यातील प्रत्येक गुरूच्या पाठीशी आणखी एक गुप्त गुरू उभा होता! उत्तरादाखल मी त्याला मुंबईची एक हकिकत सांगितली. ती वाचकांपुढेही ठेवतो.

१८७५ च्या एप्रिलमध्ये स्वामी दयानंद सरस्वतींनी मुंबईत आर्य समाज स्थापला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटी जन्माला आली. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे तिचे अध्वर्यू. मुंबईच्या आर्य समाजातील हरिश्चंद्र चिंतामण यांच्यामार्फत पत्रव्यवहार झाला आणि १८७८ साली सोसायटीने आपल्या नावाला आर्य समाजाचे नाव जोडले. ज्या स्वामीजींना प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, त्यांना या मंडळींनी गुरुस्थानी मानले.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी दोघे मुंबईत उतरले आणि गिरगावात राहू लागले. वसंतात त्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातील कार्ल्याची लेणीही पाहिली. पुढे उत्तर हिंदुस्थानात स्वामीजींची भेट झाली. परंतु स्वामीजींना इंग्रजी येत नव्हते. पाहुण्यांना संस्कृत वा हिंदी येत नव्हती. सारा संवाद दुभाष्यांच्या मुखाने! स्वामीजी वेदप्रामाण्य मानणारे, एकेश्वरवादी. उलट या दोघांनी मे १८८० मध्ये सिलोनात गॉल येथे पंचशील घेऊन बौद्ध धर्म स्वीकारला. मार्च १८८२ मध्ये स्वामीजींनी मुंबईत जाहीरपणे संबंध तोडले. त्याच वर्षाअखेर सोसायटीचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलले.

मग प्रभाव पडलाच नाही काय? येथे तारखा बोलतात. ब्लाव्हाट्स्कीबाईंचा पहिला मोठा ग्रंथ ‘आयसिस अनव्हेल्ड’ १८७७ चा, म्हणजे या मैत्रीपूर्वीचा. त्यात माणसाचा पृथ्वीवरील पुनर्जन्म हा नियम नसून अपवाद आहे. १८८८ च्या ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये मात्र कर्म आणि पुनर्जन्म हेच आधारस्तंभ आहेत. मधली वर्षे हिंदुस्थानात गेली होती. भोवती दामोदर मावळणकरांसारखे तरुण होते. ज्यांना गुरू म्हटले त्यांच्यापेक्षा ज्यांना शिष्य म्हटले त्यांच्याकडूनच बाईंनी अधिक उचलले असावे, असे मला वाटते.

त्या स्वतः मात्र श्रेय देत अदृश्य महात्म्यांना. १८८५ साली लंडनच्या मानसशोधन संस्थेच्या अहवालाने त्यांना लबाड ठरवले. १९८६ साली त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाचीच कठोर चिकित्सा केली. आपण ख्रिस्ती लोकांनी पहिला निकाल आनंदाने सांगावा आणि दुसरा दडवावा, हे सत्याला धरून होणार नाही. पण अदृश्य गुरूची साक्ष कोणालाच तपासता येत नाही, ही अडचण दोन्ही निकालांनंतर उरतेच.

म्हणून तीन प्रश्न विचारावेत. आधी कोणी लिहिले? परस्परांची भाषा कळत होती काय? भेटीनंतर शिकवणुकीत नेमके काय बदलले?

वेल्हे आले. तरुणाने पुस्तक उघडून पहिले पान चाळले. “फादर,” तो म्हणाला, “यात एकही साल दिलेले नाही.”